कापसाच्या गाठींखालचे ओझे

यवतमाळ जिल्ह्यातल्या ढाणकीचे समुद्राशी नाते ते केवढे? इथले पावसाचे पाणी पैनगंगेत उतरते, पुढे वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीच्या वाटेने बंगालच्या उपसागराला मिळते. तेवढेच. पण या भागातून दुसरीही एक वाट समुद्राकडे जात असे, पश्चिमेकडे. ती कापसाची. आज जगभरच्या बंदरांना जे डोकेदुखी झाले आहेत, त्या बारक्या कवचधारी प्राण्यांच्या, म्हणजे झिंगे-खेकड्यांच्या भाऊबंदांच्या प्रवासाची कुळकथा सांगायची, तर ती या कापसाच्या वाटेवरूनही सांगता येते.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. इंग्लंडच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. गाठी मुंबईला जात, तिथून लिव्हरपूलला. कापूस कितीही दाबला तरी हलकाच. नुसत्या गाठींनी भरलेले शिडाचे जहाज वाऱ्याच्या झोताने कलंडण्याची भीती. म्हणून तळाशी दगड, वाळू, खडी असे ओझे घालत. जुन्या मराठीत त्याला नीरम म्हणत, आता सगळे बॅलास्टच म्हणतात. मालाची मोजदाद काट्यावर आणि कागदावर होई. या ओझ्यातून गवताचे बी किंवा किडामुंगी कुठून कुठे गेली, ते टिपून ठेवण्याचे काम कुणाचेच नव्हते.

दगड चढवणे-उतरवणे खर्चाचे आणि वेळखाऊ. त्या युद्धाआधीच, १८५२ मध्ये, इंग्लंडमधल्या जॅरो इथे ‘जॉन बोवेस’ नावाचे कोळसा वाहणारे वाफेचे जहाज पाण्यात उतरले. ते लंडनला कोळसा रिकामा करी आणि परतताना तोल राखण्यासाठी पोटात पाणी भरून घेई. पाणी फुकट, पंपाने आत घ्यायचे, पंपाने बाहेर टाकायचे. लोखंडी जहाजे वाढली तशी ही युक्ती सगळ्यांनी उचलली. दगडाबरोबर बी येत होते. पाण्याबरोबर आख्खा समुद्रच येऊ लागला.

१९०३ मध्ये उत्तर समुद्रात आशियातली एक सूक्ष्म वनस्पती भरभरून वाढलेली दिसली. ती जहाजाच्या पाण्यातून आली असावी असे ऑस्टेनफेल्ड या डॅनिश शास्त्रज्ञाने १९०८ मध्ये मांडले. १९१२ मध्ये जर्मनीच्या आलर नदीत चिनी खेकडा सापडला. पाण्याच्या टाकीतून खेकडा कसा येणार? मोठा नव्हे, त्याचे पिल्लू. खेकडा काय किंवा त्याचाच भाऊबंद बार्नॅकल काय, पिल्लूपणी डोळ्यांना जेमतेम दिसण्याइतके बारीक असते आणि काही दिवस किंवा आठवडे पाण्यात तरंगत राहते. बार्नॅकल पुढे एखादा खडक किंवा जहाजाचा तळ धरते आणि स्वतःच्या सिमेंटने डोके तिथे चिकटवून जन्म काढते. चार्ल्स डार्विनने या चिकट्या कुळावर १८४६ पासून आठ वर्षे घालवली. मुंबईच्या धक्क्यांवरही सर्रास दिसणाऱ्या एका जातीला अँफिट्राइट हे नाव त्यानेच १८५४ मध्ये दिले.

याच कुळातल्या कॅप्रेला नावाच्या प्राण्याची तऱ्हा मात्र वेगळी, आणि या सगळ्या गोष्टीतला सर्वांत मजेदार प्राणी तोच. एखाद्या काडीला पाय फुटावेत असा हा दीड-दोन सेंटिमीटरचा जीव शेवाळाला मागच्या पायांनी पकडून उभा राहतो आणि सारखा वाकून मुजरे करतो. याची पिल्ले तरंगत नाहीत. मादी ती पोटाखालच्या पिशवीत वाढवते आणि बाहेर पडली की ती तिथेच आसपास चिकटतात. अशा प्राण्याने स्वतःहून समुद्र ओलांडणे जवळजवळ अशक्य. तरी ‘कॅप्रेला स्काउरा’ ओलांडून गेला. मूळ हिंदी महासागरातल्या मानल्या जाणाऱ्या या जातीचे वर्णन रॉबर्ट टेम्पलटन या लष्करी डॉक्टरने १८३६ मध्ये मॉरिशसहून केले. त्याच दशकात भारतीय मजूर त्या बेटावर उतरू लागले होते, पुढे रत्नागिरी-साताऱ्याकडची मराठी कुटुंबेही तिथे रुजली. माणसांच्या नोंदी बोटीगणिक सापडतात. कॅप्रेलाची भूमध्य समुद्रातली पहिली नोंद थेट १९९४ सालची, व्हेनिसच्या खाजणातली. तेव्हा ‘परके जीव आपल्याकडे घुसले’ ही तक्रार एकतर्फी करता येत नाही. आपल्या समुद्रानेही पाहुणे धाडले आहेत.

व्हेनिसनंतर तो स्पेनच्या किनाऱ्यावर मरीनामरीनांतून पसरला. मरीना म्हणजे हौशी नौकांचा तळ. तिथले तरंगते धक्के भरती-ओहोटीबरोबर वरखाली होतात, त्यामुळे त्यांची खालची बाजू कधीच कोरडी पडत नाही. नौका आठवडेच्या आठवडे जागची हलत नाहीत, तळाला शेवाळ आणि झुडपासारखे दिसणारे ब्रायोझोआ हे प्राणी वाढतात, त्यात कॅप्रेला घर करतो. एका रविवारी मालक नौका काढून शेजारच्या गावाला जातो, की बिऱ्हाडही जाते.

कोकणातला कोळी पावसाळ्यात होडी शाकारतो. ती किनाऱ्यावर ओढून घेतो, तळ खरवडतो, डागडुजी करून रंग देतो आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात घालतो. हे वादळापासून आणि कुजण्यापासून वाचण्यासाठी. पण इतके दिवस कोरड्यात राहिल्यावर तळाचा एकही कॅप्रेला जगत नाही, हा आयता फायदा. बारमाही पाण्यात उभ्या असणाऱ्या नौकेला तो मिळत नाही.

मुंबईनेही असा पाहुणा पाहिला आहे. मध्य अमेरिकेकडचा मायटिलॉप्सिस हा शिंपला १९६७ मध्ये विशाखापट्टणमला आणि १९७० च्या दशकात मुंबईत आढळला. तो झिंगे-खेकड्यांच्या कुळातला नव्हे, पण प्रवासाची पद्धत तीच. इथे तो कायमचा राहिला. २००० मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या बॅलास्ट प्रकल्पाने जगातली सहा बंदरे निवडली, त्यांत मुंबई होती. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मुंबई आणि जवाहरलाल नेहरू बंदरातल्या जीवांची पाहणी केली. २००४ मध्ये झालेला बॅलास्ट पाण्याचा करार ८ सप्टेंबर २०१७ पासून लागू आहे. जहाजाने सोडलेल्या एका घनमीटर पाण्यात ५० मायक्रोमीटर किंवा त्याहून मोठे जिवंत जीव दहापेक्षा कमी हवेत, अशी त्याची अट.

पाण्याची व्यवस्था लागली, तळाची नाही. जहाजाच्या तळावरील वाढीबद्दल २०११ मध्ये मार्गदर्शक सूचना निघाल्या, २०२३ मध्ये सुधारल्या, पण त्या ऐच्छिक आहेत. सक्ती काय असते ते ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराने दाखवले. मार्च १९९९ मध्ये तिथल्या मरीनात हाच मायटिलॉप्सिस शिंपला सापडला. सरकारने तीन मरीना बंद केले, त्यांत क्लोरीन आणि मोरचूद ओतले, शिंपल्यासकट आतले बाकी सगळेही मारले आणि वीस लाखांहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलर खर्चून त्याचा निकाल लावला. तेव्हापासून परदेशातून आलेल्या नौकेचा तळ पाणबुडे तपासतात, तिच्या आतल्या खाऱ्या पाण्याच्या नळ्यांत औषध भरतात, आणि मगच तिला मरीनात जागा मिळते.