घोडा कुणाचा? शिलेदार ते टेरिटोरियल आर्मी

आजचा एपिसोड इतिहासाचा आहे, पण त्याची सुरुवात माझ्या लॅपटॉपवर उघड्या पडलेल्या एका टॅबपासून होते. टेरिटोरियल आर्मीचा अर्ज. मराठीत प्रादेशिक सेना. गेले कित्येक महिने तो टॅब तसाच आहे. नाव भरलंय, शिक्षण भरलंय, नोकरीच्या रकान्यापाशी येऊन थांबलोय.

थोडक्यात सांगतो, कारण बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. तुम्ही पदवीधर असाल, वय १८ ते ४२ असेल, आणि कमवते असाल, तर आपली नोकरी किंवा धंदा न सोडता तुम्ही या सेनेत अधिकारी होऊ शकता. कमवतं असणं ही अट आहे बरं का. परीक्षा, मुलाखत, एसएसबी, मेडिकल, सगळं पार पडलं की वर्षाला साधारण दोन महिने वर्दी, बाकीचे दहा महिने आपलं काम. पहिल्या दोन वर्षांत आणखी तीन महिन्यांचं ट्रेनिंग. वर्दीत असेपर्यंत पगार फौजेच्या अधिकाऱ्याचाच. आणि देशाला गरज पडली तर बोलावणं येतं, मग ते दोन महिन्यांचं राहत नाही.

(धोनीचं नाव घेऊ नका लगेच. त्याचा लेफ्टनंट कर्नल हा मानद हुद्दा आहे. आपल्याला रांगेतूनच जावं लागतं.)

मी सातारा जिल्ह्यातला. पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्याकडे फौज म्हणजे काही टीव्हीवर बघायची गोष्ट नाही. साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचं गाव आहे, लोक त्याला 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण मेले. गावात त्याची स्मारकशिला आहे. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यातच निघाली. त्यामुळे मी घरी विषय काढला तेव्हा आश्चर्य कुणालाच वाटलं नाही. आई फक्त एवढंच म्हणाली, "फौजेतच जायचं होतं तर बी.टेक.चे हप्ते कशाला भरले रे आम्ही?"

तिचा प्रश्न मला आधी गमतीचा वाटला. नंतर कळलं, तो साडेतीनशे वर्षं जुना आहे.

आपल्या शाळेच्या पुस्तकात बारगीर आणि शिलेदार हे दोन शब्द येऊन जातात. एक-दोन मार्कांचा प्रश्न, 'फरक स्पष्ट करा'. बारगीर म्हणजे ज्याचा घोडा सरकारी, शिलेदार म्हणजे ज्याचा घोडा स्वतःचा. मीही हे पाठ करून विसरलो होतो. पण जरा थांबून विचार करा. घोडा ही तेव्हाची सगळ्यात महाग वस्तू. शिलेदार स्वतःची सगळी पुंजी रणात घेऊन उतरतोय. बारगिराचा घोडा पडला तर पागेतून दुसरा मिळेल. शिलेदाराचा पडला तर त्याचं सगळं गेलं.

सभासद बखर शिवाजी महाराजांनंतर काही वर्षांतच, १६९० च्या दशकात लिहिली गेली. तिच्यात पागेची रचना अगदी एखाद्या ऑर्ग चार्टसारखी दिलीय. २५ बारगिरांवर एक हवालदार, त्या पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी, एक नालबंद. पाण्याची आणि नालांची सोयसुद्धा आकड्यात बसवलेली! आणि त्यात स्पष्ट आहे की महाराजांनी भर पागेवर दिला, शिलेदारांना पागेच्या हाताखाली ठेवलं. शिस्त हे कारण आहेच. पण मला त्यात दुसरंही काही दिसतं: ज्या माणसाच्या नुकसानीची जबाबदारी राज्याने घेतलीय, त्याच्याकडूनच राज्य हक्काने जीव मागू शकतं.

त्याच बखरीत वर्षाचं वेळापत्रकही आहे. पावसाळ्यात लष्कर छावणीला यायचं, दसऱ्याला बाहेर पडायचं, आठ महिने मुलूखगिरी. आपण आज सोनं म्हणून आपट्याची पानं वाटतो आणि सीमोल्लंघन हा शब्द वापरतो, तो या कॅलेंडरमधून आलाय. शेतीचा आणि लढाईचा हंगाम एकाच पंचांगात बसवलेला होता. पार्ट-टाइम सैनिक ही कल्पना आपल्याकडे परदेशातून आलेली नाही.

पेशवाईत शिलेदारांचं प्रमाण पुन्हा वाढलं, आणि मग इतिहासाच्या पुस्तकांत एक तक्रार वारंवार भेटते: घोडा स्वतःचा असल्यामुळे शिलेदार तो जपून वापरतो, अंगावर घेत नाही. लिहिणारे हे भित्रेपणा म्हणून लिहितात. मला नाही तसं वाटत. ज्याला नुकसानभरपाई नाही, तो हिशेब करणारच. मीसुद्धा करतोय.

इंग्रजांनी आपला हा शब्द उचलला. त्यांच्या बहुतेक हिंदी रिसाल्यांत 'सिलेदार' पद्धत होती. सवाराने घोडा स्वतः आणायचा, नाहीतर त्यासाठी रक्कम जमा करायची. सरकारला स्वस्त पडायचं. शांततेच्या काळात ते छान चाललं. पहिलं महायुद्ध आलं, घोडे परदेशात भराभर मरायला लागले, आणि नवा घोडा आणायचा कुठून हे कुणालाच सांगता येईना. युद्धानंतर ती पद्धत मोडीत काढली.

आता नागरी माणसाकडे येऊ. १८५७ नंतर हिंदुस्थानातल्या गोऱ्यांना, म्हणजे रेल्वेतल्या, व्यापारातल्या, चहाच्या मळ्यांतल्या साहेबांना, नोकरी सांभाळून व्हॉलंटियर पलटणीत कवायत करता यायची. हिंदी माणसाला तिथे दरवाजा बंद. काँग्रेसने १८८६ च्या कलकत्ता अधिवेशनात ठराव करून हे मागितलं होतं की आम्हालाही स्वयंसेवक सैनिक होऊ द्या. वकील, मास्तर, संपादक अशी ही माणसं. बंदूक कशाला हवी होती त्यांना? कारण राज्याने तुमच्या हातात शस्त्र द्यायला नकार देणं म्हणजे तुम्ही प्रजा आहात, नागरिक नाही, हे तोंडावर सांगणं. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्ध परिषदेत लोकमान्य टिळक बोलायला उभे राहिले. सैनिक हवेत तर स्वराज्याचं बोला, अशी त्यांची मांडणी होती. गव्हर्नर विलिंग्डनने मध्येच अडवलं, आणि टिळक सभा सोडून निघून गेले.

१९१७ मध्ये इंडियन डिफेन्स फोर्समध्ये हिंदी लोकांसाठी थोडी जागा झाली, १९२० मध्ये इंडियन टेरिटोरियल फोर्सचा कायदा आला. तिथेही गोऱ्यांसाठी वेगळा कायदा आणि वेगळी फौज, ऑक्झिलियरी फोर्स. कॉलेजच्या पोरांसाठी त्याच काळात युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर निघाली. तुमच्यापैकी जे एनसीसीत होते, त्यांची ती पणजी.

पण आमच्या भागाची खरी नागरी फौज कुठल्याच कायद्यात बसत नव्हती. १९४३ ते ४६, प्रतिसरकार. तेव्हा सांगली वेगळा जिल्हा नव्हता, सगळा सातारा. कुंडलची तुफान सेना म्हणजे शेतकऱ्यांची, तालमीतली पोरं. ७ जून १९४३ ला त्यांनी शेणोलीजवळ पगाराची रोकड नेणारी रेल्वेगाडी अडवली. आणि या सगळ्याचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील, ते मुळात कोण होते? तलाठी. १९३० मध्ये त्यांनी ती सरकारी नोकरी सोडली. पुढे भूमिगत झाल्यावर सरकारने त्यांचं घर आणि जमीन जप्त केली. ज्या जिल्ह्यातून इंग्रजांच्या पलटणी भरल्या, त्याच जिल्ह्यातून हे. घोडा स्वतःचा, आणि तो जाणार हे माहीत असून उतरलेली माणसं. त्यांच्याशी मी माझी तुलना करत नाहीये, तेवढी लाज आहे मला.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये टेरिटोरियल आर्मीचा कायदा झाला, आणि ९ ऑक्टोबर १९४९ ला चक्रवर्ती राजगोपालाचारींनी या सेनेचं उद्घाटन केलं. १९६२, ६५, ७१ या तिन्ही वेळी ती कामाला आली. १९६२ नंतर, जेव्हा आपल्या देवराष्ट्रेचे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, त्या काळात फौजेने पदवीधर तरुणांना भराभर इमर्जन्सी कमिशन दिलं. काही वर्षांनी गरज संपली, आणि त्यातले खूप जण मोकळे केले गेले. तिशीच्या आसपासचे, युद्ध बघितलेले, आणि पुन्हा नोकरीच्या शोधात. सरकारी सेवांमध्ये त्यांच्यासाठी राखीव जागा ठेवाव्या लागल्या. पुन्हा तोच घोडा.

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या त्या दिवसांत बातमी आली की संरक्षण मंत्रालयाने लष्करप्रमुखांना टेरिटोरियल आर्मी बोलावण्याचे अधिकार दिलेत, आणि ३२ पैकी १४ इन्फंट्री बटालियन तैनातीसाठी मंजूर आहेत. त्या आदेशाची मुदत फेब्रुवारी २०२८ पर्यंतची. ऑफिसच्या ग्रुपवर सगळे तिरंग्याचे स्टिकर टाकत होते. मी तो आदेश वाचत होतो. माझ्या डोक्यात एकच: समजा मी आत्ता त्यात असतो, तर सोमवारच्या रिलीजचं काय झालं असतं?

मग मी कायदा काढून वाचला. झोप येत नसेल तर वाचण्यासारखा आहे. त्यात कलम ७अ आहे. किमान सहा महिने नोकरीत असलेल्या माणसाला बोलावणं आलं, तर परत आल्यावर त्याला पूर्वीपेक्षा वाईट नसलेल्या अटींवर कामावर घेणं मालकाचं कर्तव्य आहे. नाही घेतलं तर? भरपाई जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या पगाराएवढी.

वाचल्या वाचल्या मला बरं वाटलं. चला, राज्याने घोड्याचा विचार केलाय! पण हा कायदा गिरणीतल्या साच्याचा विचार करून लिहिल्यासारखा आहे. माणूस गेला, साचा तिथेच, माणूस आला, साचा सुरू. माझ्या कामात खुर्ची राहते, पण खुर्चीखालचा प्रोजेक्ट निघून जातो. दोन महिन्यांत टीम बदलते, कोड दुसऱ्याच्या हातात जातो, अप्रेझलच्या वेळी तुमचं नाव घ्यायला कुणी नसतं. हे कुठल्या कलमात लिहिणार? कायदा मोडल्याशिवाय माणसाला मागे टाकता येतं, हे कॉर्पोरेटमध्ये काम केलेल्या कुणालाही सांगायला नको.

माझा आतेभाऊ तासगावकडचा. तो याच सेनेत शिपाई म्हणून लागायला कोल्हापूरच्या भरतीत धावून आलाय. तिथे १०९ इन्फंट्री बटालियन आहे, मराठा लाइट इन्फंट्रीची. पहाटे रांग, छातीवर नंबर, आणि आजूबाजूला हजारो पोरं. त्याच्याजवळ मी माझा हा सगळा हिशेब मांडला. तो ऐकून घेऊन म्हणाला, "दादा, तू दोन महिन्यांनी परत कसं यायचं याचा विचार करतोयस. मी परत पाठवू नयेत म्हणून नवस बोललोय."

त्याचं खरं आहे. बोलावणं असेल तेवढ्याच दिवसांचा पगार, आणि पेन्शनसाठी शिपायाला बोलावण्याची १५ वर्षं भरावी लागतात. कायदा म्हणतो, ही कमवत्या माणसाची जोड-सेवा. आमच्या गावांत ती बिनघोड्याच्या पोरांची नोकरी झालीय. एकाच सेनेत तो बारगीर व्हायला निघालाय आणि मी शिलेदार. इतके दिवस मी स्वतःला जास्त धाडसी समजत होतो. आता तसं वाटत नाही. माझ्याकडे गमवायला काहीतरी आहे, एवढाच फरक.

तरी मला जायचंय. कारण विचाराल तर फार मोठं नाही. अपशिंग्याच्या त्या शिळेसमोर लहानपणी अण्णांनी मला उभं केलं होतं, आणि १८८६ च्या त्या वकील-मास्तरांनी जो दरवाजा उघडा म्हणून ठराव केला, तो आता उघडा आहे. पन्नाशीत मला असं म्हणायचं नाहीये की अप्रेझलमुळे राहिलं.

म्हणून गेल्या आठवड्यात मी आमच्या एचआरला तिकीट टाकलं. तीनच प्रश्न. दोन महिने बिनपगारी रजा मिळेल का, त्या वर्षाचं रेटिंग कसं धरणार, आणि लांबचं बोलावणं आलं तर माझी जागा कोण सांभाळणार. विषयाच्या ओळीत लिहिलं, 'टेरिटोरियल आर्मी, रजेबाबत'.

दोन दिवसांनी उत्तर आलं. 'टेरिटरी'संबंधीच्या शंकांसाठी कृपया सेल्स टीमशी संपर्क साधावा. तिकीट बंद.

मी ते पुन्हा उघडलंय. कलम ७अ ची पीडीएफ जोडलीय. आतेभावाचा निकाल अजून लागायचाय, माझाही टॅब अजून उघडाच आहे, पण नोकरीचा रकाना काल रात्री भरून टाकला.