बहुपुटी अंडाशय लक्षणसमूह (पीसीओएस)
बहुपुटी अंडाशय लक्षणसमूह ऊर्फ पीसीओएस हा प्रजननक्षम वयातील स्त्रियांमध्ये आढळणारा संप्रेरकांच्या असंतुलनाचा विकार आहे. अनियमित मासिक पाळी, मुरुमे व चेहऱ्यावरील राठ केस ही त्याची प्रमुख लक्षणे होत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील पाहणीत १५ ते २४ वर्षे वयाच्या २२.५ टक्के मुलींमध्ये रॉटरडॅम निकषांनुसार तो आढळला.

विकार समूळ बरा होत नसला, तरी आटोक्यात ठेवता येतो. स्थूल स्त्रीचे वजन ५ ते १० टक्के घटल्यास पाळी नियमित होण्यास मदत होते. यासाठी कोणताही एक आहार सर्वश्रेष्ठ ठरलेला नाही. मालवण किनाऱ्यावर भात बेताचा ठेवून कुळीथ, भाज्या व न तळलेले मासे वाढवता येतात. नियमित व्यायामासोबत वैद्यकीय तपासणी मात्र आवश्यक असते.