दुसऱ्याच्या यंत्रावर बसवलेले डोके

तांत्रिक शाळेच्या किंवा आय.टी.आय.च्या वर्कशॉपमध्ये एखादे जुने आडवे मिलिंग यंत्र पुष्कळदा पाहायला मिळते. लेथवर जॉब फिरतो आणि हत्यार फक्त सरकते. मिलिंगमध्ये याच्या उलट घडते. अनेक दात असलेला कटर फिरतो आणि टेबलावर घट्ट बांधलेला जॉब त्याच्याखालून सरकतो. आडव्या यंत्रात कटरचा अक्ष जमिनीला समांतर असतो. कटर ज्या दांड्यावर बसतो तो आर्बर. त्याच्या टोकाला आधार देण्यासाठी यंत्राच्या माथ्यावरून एक जाड दांडा पुढे आलेला असतो, तो ओव्हरआर्म. आपली गोष्ट या ओव्हरआर्मशी निगडित आहे.

हे यंत्र कोणी शोधले? इलाय व्हिटनी, १८१८, असे उत्तर अनेक पुस्तकांत सापडते. पण रॉबर्ट वुडबरी यांनी १९६० साली व्हिटनीच्या दंतकथेची कागदपत्रांच्या आधारे तपासणी केली, तेव्हापासून हे श्रेय एकट्याला देता येत नाही. अमेरिकेतील बंदुकांच्या अनेक कारखान्यांत, सिमियन नॉर्थसारख्या कारागिरांच्या हाताखाली, हे यंत्र टप्प्याटप्प्याने घडत गेले. १८६२ साली प्रॉव्हिडन्स येथील जोसेफ ब्राउन यांचे युनिव्हर्सल मिलिंग यंत्र बाजारात आले. ट्विस्ट ड्रिलच्या नागमोडी खाचा तोवर कानशीने घासून कराव्या लागत. त्या यंत्रावर कापता याव्यात, हा त्यामागचा हेतू होता.

आडव्या यंत्राने सपाट पृष्ठभाग आणि लांब खाचा उत्तम होतात. परंतु साच्यात खोलगट कप्पा कोरायचा असेल, तर कटर वरून खाली उतरायला हवा आणि कारागिराला कापण्याची जागा नीट दिसायला हवी. त्यासाठी उभा स्पिंडल लागतो. म्हणून यंत्रांचे उत्पादक आडव्या यंत्राला जोडायचे उभे डोकेही विकू लागले. यंत्राच्या मूळ स्पिंडलची गती बेव्हेल गिअरच्या साहाय्याने काटकोनात वळवून या डोक्याला दिली जाई.

यात एक अडचण होती. एक साधे गणित करून पाहू. पोलाद कापताना कटरच्या दाताचा वेग मिनिटाला सुमारे २५ मीटर ठेवायचा आहे. कटरचा व्यास १०० मि.मी. असेल, तर मिनिटाला सुमारे ८० फेरे पुरतात. व्यास ६ मि.मी. असेल, तर सुमारे १,३२५ फेरे लागतात. जुने यंत्र मोठ्या कटरसाठी, म्हणजे मंद गतीसाठी बांधलेले. त्याच्याकडून उसनी घेतलेली गती लहान कटरला कशी पुरणार?

अमेरिकेतील कनेटिकट राज्यात ब्रिजपोर्ट नावाचे शहर आहे. तेथे रुडॉल्फ बॅनाव आणि मॅग्नस वॉलस्ट्रॉम या स्वीडनहून आलेल्या दोघांनी १९३० नंतरच्या मंदीत यावर उपाय काढला. त्यांनी स्वतःची मोटर असलेले उभे डोके तयार केले. ते दुसऱ्या कंपन्यांच्या जुन्या यंत्रांवर बसवायचे होते. त्या वर्षांत नवे यंत्र घेण्याची ऐपत थोड्याच कारखान्यांत होती. जुन्या यंत्राला नवे डोके लावणे त्या मानाने परवडण्याजोगे होते.

मात्र परके डोके बसवणे म्हणजे नुसते बोल्ट आवळणे नव्हे. पहिला प्रश्न बैठकीचा. जुन्या यंत्रांचा ओव्हरआर्म बहुधा गोल असे आणि त्याचा व्यास कंपनीगणिक वेगळा. म्हणून प्रत्येक यंत्रासाठी वेगळा जोडतुकडा लागतो. शिवाय गोल दांड्यावर आवळलेले डोके जोराचा काप घेताना किंचित फिरू शकते. दुसरा प्रश्न ताठपणाचा. पुढे आलेला दांडा ही एका टोकाला पकडलेली तुळईच होय. टोकावरील भार तोच ठेवून लांबी दुप्पट केली, तर वाक आठपट होतो. म्हणून डोके शक्य तितके खांबाजवळ ठेवावे लागते. तिसरा प्रश्न काटकोनाचा. स्पिंडल टेबलाशी अगदी लंब हवा. तो तपासण्यासाठी डायल इंडिकेटर स्पिंडलला जोडून हाताने फिरवतात आणि टेबलाच्या डाव्या व उजव्या बाजूची मापे ताडून पाहतात. ३०० मि.मी. अंतरावर ०.०३ मि.मी. फरक आला, तर कल एका अंशाच्या १७५ व्या भागाएवढा झाला. एवढा सूक्ष्म कोन कोनमापकाने मोजता येणार नाही. डायलवर मात्र तो सहज वाचता येतो.

यानंतर १९३६ साली बॅनाव यांच्या मनात प्रश्न आला: या डोक्यासाठी मुळापासून यंत्र आखले तर ते कसे असेल? त्यांनी पहिले रेखाचित्र एका कागदी पिशवीवर काढले, असे सांगतात. १९३८ साली ते यंत्र बाजारात आले. वरील अडचणींचा अनुभव त्याच्या रचनेत दिसतो. डोके एका सरकत्या रॅमवर आले. रॅम पुढेमागे जातो, खांबाच्या माथ्यावर आडवा वळतो. डोके हवे तसे कलते. पुढे जगभर या रचनेच्या नकला झाल्या. आपल्याकडच्या टूलरूममध्येही या घडणीची यंत्रे दिसतात.

म्हणजे जे जुन्या यंत्राचे जोडअंग होते, त्याच्यासाठी पुढे नवे यंत्र बांधले गेले. ‘अमुक सालात अमक्याने शोध लावला’ हे परीक्षेपुरते सोपे वाक्य असा प्रवास झाकून टाकते. त्याचे नुकसान वर्गात होते. विद्यार्थ्याला वाटते की शोध लावायला कोरा कागद आणि असामान्य बुद्धी लागते. दुरुस्ती आणि जुळवाजुळव ही कमी प्रतीची कामे होत. बॅनाव आणि वॉलस्ट्रॉम यांनी सुरुवात जुळवाजुळवीपासूनच केली होती.

वर्कशॉपच्या भेटीत विद्यार्थ्यांना एक काम द्यावे. एखाद्या यंत्रावर मागाहून बसवलेला भाग शोधायचा, तो का बसवला हे कारागिराला विचारायचे, आणि तो बसवताना काय काय जुळेना, हेही लिहून आणायचे. ही ‘काय जुळेना’ची यादी बहुधा सर्वांत लांब होईल, आणि तंत्रज्ञानाचा इतिहास शिकवायला तीच सर्वांत उपयोगी पडेल.