दोन जावयांमधलं राज्य

श्रोतेहो, एखाद्या राजघराण्याची वंशावळ आपण बघतो तेव्हा आपली नजर वरून खाली जाते. आजोबा, वडील, मुलगा, नातू. मुलींची नावं असलीच तर कडेला असतात आणि पुढे एवढंच लिहिलेलं असतं, की अमुक घराण्यात दिली. पुढे त्या मुलीचं काय झालं हे सांगायची वंशावळीला गरज वाटत नाही. आज मी तुम्हाला सर्बियाच्या ब्रांकोविच घराण्याची वंशावळ सांगणार आहे. ती मात्र वरून खाली वाचून समजत नाही, आडवी वाचावी लागते. कारण या घराण्याला राज्य मिळालं ते आईच्या बाजूने, ते टिकवायची धडपड झाली ती मुलींच्या लग्नांतून आणि शेवटी ते हातचं गेलं तेही एका लग्नातच.

या घराण्याचं एक चित्र उपलब्ध आहे. ग्रीसमधल्या अ‍ॅथोस पर्वतावर एस्फिग्मेनू नावाचा मठ आहे. सर्बियाचा राजा ज्युराज ब्रांकोविच याने १४२९ मध्ये या मठाला एक सनद दिली आणि त्या सनदेवर आपलं कुटुंब रंगवून घेतलं. स्वतः ज्युराज, त्याची राणी येरिना, ग्रगुर, स्तेफान आणि लाझार हे तीन मुलगे, मारा आणि कातारिना या दोन मुली. सगळे भरजरी पोशाखात. पुढच्या तीस वर्षांत या सात जणांचं जे झालं, तोच बाल्कन प्रदेशाचा त्या काळातला इतिहास आहे, असं म्हटलं तरी चालेल.

पण आधी थोडं मागे जायला हवं. १३८९ मध्ये कोसोवोच्या मैदानावर सर्ब आणि तुर्क यांची लढाई झाली. सर्बांचा राजा लाझार त्यात मारला गेला आणि तुर्कांचा सुलतान मुराद पहिला हाही मारला गेला. लाझारमागे राहिली त्याची विधवा मिलित्सा, लहान मुलगे आणि पाच मुली. मिलित्साने काय केलं? धाकटी लेक ओलिवेरा नव्या सुलतानाला, बायेझीदला दिली. ज्या लढाईत मुलीचा बाप पडला, त्याच लढाईत नवऱ्याचाही बाप पडला होता. त्या रक्तावर ही सोयरीक झाली. मिलित्साचा मुलगा स्तेफान लाझारेविच हा आता सुलतानाचा मेहुणा झाला आणि मांडलिक म्हणून त्याच्या बाजूने लढू लागला. १४०२ मध्ये अंकाराजवळ तैमूरने बायेझीदला पकडलं तेव्हाही स्तेफान त्याच्याबरोबर लढत होता. ओलिवेराही त्या वेळी तैमूरच्या कैदेत पडली. पुढे तिची सुटका झाली आणि ती भावाकडे, माहेरी परतली.

या लाझारची आणखी एक मुलगी होती, मारा. ती दिली होती वुक ब्रांकोविच या सरदाराला. आपला ज्युराज हा त्यांचा मुलगा, म्हणजे स्तेफान लाझारेविचचा भाचा. मामा-भाच्यांचं सुरुवातीला मुळीच पटत नव्हतं. १४०२ मध्येच दोघे रणांगणात समोरासमोर उभे राहिले होते. पण मामाला मूलबाळ नव्हतं. मग समेट झाला आणि १४२६ मध्ये हंगेरीच्या राजाने, सिगिस्मुंडने, भाच्याला वारस म्हणून मान्यता दिली. पुढच्या वर्षी मामा वारला आणि राज्य भाच्याकडे आलं. असं हे ब्रांकोविच घराणं आजोळच्या वारशावर गादीवर बसलं. मुलांची नावं पाहिली तरी हे कळतं. मोठ्या मुलीला आजीचं नाव, मारा. धाकट्या मुलाला पणजोबांचं नाव, लाझार. बारशालाच वारसा सांगून टाकायची ही रीत आपल्याला अनोळखी नाही.

मान्यतेची किंमत मात्र मोजावी लागली. करारात ठरल्याप्रमाणे बेलग्रेड हंगेरीला परत द्यावं लागलं. ज्युराजने डॅन्यूबच्या काठी स्मेडेरेवो इथे नवी राजधानी बांधायला घेतली. त्रिकोणी आकाराचा तो प्रचंड किल्ला आजही उभा आहे. बांधकामाला पैसा आणि वेठ लागली आणि लोकांचा राग ओढवला तो राणीवर. येरिना ही कॉन्स्टँटिनोपलच्या कांताकुझिनोस या बड्या घराण्यातली, परक्या मुलखातून आलेली सून. सर्बियन लोकगीतांत ती आजही ‘शापित येरिना’ आहे. किल्ल्याचा मालक राजा, पण शिव्या राणीला!

उत्तरेला हंगेरी, दक्षिणेला तुर्क आणि मधे सर्बिया. त्यात नोवो ब्रदोसारख्या ठिकाणी चांदीच्या खाणी, म्हणजे दोघांचीही नजर याच मुलखावर. ज्युराजजवळ पैसा होता, पण दोन्ही आघाड्यांवर पुरेल इतकं सैन्य नव्हतं. त्याच्याजवळ दोन मुली मात्र होत्या. १४३४ मध्ये त्याने धाकटी कातारिना त्सेल्येच्या काउंट उल्रिखला दिली. त्सेल्ये आज स्लोव्हेनियात आहे. हा उल्रिख महत्त्वाचा का? तर त्याची सख्खी आत्या बार्बरा ही सिगिस्मुंडची राणी होती. म्हणजे या लग्नाने ज्युराज थेट हंगेरीच्या राजाच्या नात्यात आला. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांतच थोरली मारा गेली सुलतान मुराद दुसरा याच्या जनानखान्यात. मुराद तिशीच्या पुढचा, मारा विशीच्या आतली. आंदण म्हणून सुलतानाला दुबोचित्सा आणि टोप्लित्सा हे प्रदेश दिले गेले.

एक जावई कॅथलिक, एक जावई मुसलमान आणि सासरा ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. हिशेब मोठा चोख दिसतो. दोन्ही शेजाऱ्यांना जावई करून घेतलं, आता हल्ला कोण करणार? पण श्रोतेहो, जावई होणं वेगळं आणि मित्र होणं वेगळं. १४३९ मध्ये मुराद सासऱ्याच्या राजधानीवर चालून आला. तीन महिन्यांच्या वेढ्यानंतर थोरला मुलगा ग्रगुर याने स्मेडेरेवो सुलतानाच्या स्वाधीन केलं. पुढे ग्रगुर आणि स्तेफान दोघेही अनातोलियात कैद झाले आणि १४४१ मध्ये सुलतानाच्या हुकुमाने दोघांचेही डोळे काढण्यात आले. त्यांची बहीण तेव्हा त्याच सुलतानाची बायको होती. चित्रातल्या त्या पोरांपैकी दोघे आंधळे झाले आणि ते मेहुण्याच्या हातून.

इथे मला थांबून एक प्रश्न विचारावासा वाटतो. मग मुलगी देऊन उपयोग काय झाला? बापाच्या हिशेबात तर ही सोयरीक बुडालीच होती. पण १४४४ च्या सुरुवातीला ज्युराजला निरोप आला, की सुलतान तहाला तयार आहे. हा निरोप आणला एका भिक्षूने आणि पाठवला होता माराने. त्या वर्षी तह झाला. ज्युराजला राज्य परत मिळालं, आंधळे मुलगे परत मिळाले. तह झाल्यावर हंगेरीने तो मोडला आणि वार्नाला लढाई झाली, पण ज्युराज त्यात पडला नाही. मुलगी लग्नात दिली म्हणून राज्य वाचलं नव्हतं. ते वाचलं ते मुलगी परक्या घरात राहून, तिथली माणसं ओळखून, योग्य वेळी बोलली म्हणून. माझ्या मते या दोन गोष्टींत फार मोठा फरक आहे.

१४५१ मध्ये मुराद वारला. माराला मूल नव्हतं. नवा सुलतान महंमद, पुढे ज्याने कॉन्स्टँटिनोपल जिंकलं तो, तिचा सावत्र मुलगा. त्याने तिला मोठ्या सन्मानाने माहेरी पाठवलं आणि सोबत काही मुलूखही दिला. तेवढ्यात कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाकडून मागणी आली. सम्राट कॉन्स्टंटाइन अकरावा विधुर होता. सुलतानाच्या घरात जिचा शब्द चालतो अशी राणी आपल्याकडे असावी, हा विचार. आईवडील राजी होते. मारा मात्र नाही म्हणाली. परधर्मीयांच्या घरातून सुटका झाली तर उरलेलं आयुष्य देवाच्या सेवेत एकटीने काढीन, असा तिचा नवस होता, असं सम्राटाचा विश्वासू दरबारी स्फ्रांट्झीस याने लिहून ठेवलं आहे. दोन वर्षांनी कॉन्स्टँटिनोपल पडलं आणि तो सम्राट लढताना मारला गेला. ब्रांकोविचांच्या इतक्या सोयरिकींत मुलीने स्वतः दिलेला हा एकच नकार इतिहासात नोंदलेला मला दिसतो.

त्यानंतरची घसरण फार वेगाने झाली. १४५६ च्या नोव्हेंबरात दुसरा जावई उल्रिख बेलग्रेडमध्ये हुन्यादी घराण्याच्या माणसांकडून मारला गेला. कातारिनाची मुलं आधीच गेली होती. त्सेल्येचं घराणं तिथे संपलं. डिसेंबरात ज्युराज वारला. थोरले दोघे आंधळे, म्हणून गादीवर धाकटा लाझार बसला. मे १४५७ मध्ये आई येरिना वारली आणि लगेच मारा, आंधळा ग्रगुर आणि त्यांचा मामा तोमास हे तिघे पळून सुलतानाच्या आश्रयाला गेले. ज्या घराने भावाचे डोळे काढले, तेच घर आता सख्ख्या भावाच्या घरापेक्षा सुरक्षित वाटत होतं.

लाझार १४५८ च्या जानेवारीत वारला. त्याला मुलगा नव्हता, तीन मुली होत्या. त्याची विधवा हेलेना ही त्या शेवटच्या सम्राटाची पुतणी. तिच्याबरोबर कारभारात होते आंधळा स्तेफान आणि मिहाइलो अंजेलोविच. या मिहाइलोचा सख्खा भाऊ महमूद पाशा त्याच वेळी सुलतानाचा वजीर होता! मिहाइलोची लवकरच उचलबांगडी झाली. मग हेलेनाने घराण्याचा जुनाच उपाय केला. थोरली मुलगी, वय सुमारे बारा, बोस्नियाच्या राजपुत्राला दिली. १ एप्रिल १४५९ ला स्मेडेरेवोत लग्न झालं आणि मुलीबरोबर राजधानीही जावयाच्या ताब्यात गेली. २० जूनला नव्या जावयाने किल्ला सुलतानाच्या हवाली केला. लग्नानंतर तीन महिनेही झाले नव्हते. चार वर्षांनी सुलतानाने बोस्निया जिंकला, त्या जावयाचा शिरच्छेद झाला आणि ती मुलगी सोळाव्या वर्षाच्या आसपास विधवा झाली.

वरून खाली वाचली तर वंशावळ इथे जवळजवळ संपते. आडवी वाचली तर संपत नाही. सुलतान महंमदाने माराला आजच्या उत्तर ग्रीसमधलं येझेवो हे गाव दिलं. त्याच्या फर्मानांत तिचा उल्लेख ‘माझी आई’ असा आहे. पुढे विधवा कातारिनाही तिच्याकडे येऊन राहिली. दोन शत्रूंच्या घरांत दिलेल्या दोन बहिणी म्हातारपणी एका छपराखाली आल्या. अ‍ॅथोसच्या मठांना त्यांनी सांभाळलं. व्हेनिस आणि तुर्क यांचं युद्ध चालू असताना १४७०-७१ च्या सुमारास बोलणी झाली, ती या बहिणींच्या मध्यस्थीने. त्या वेळी तह जमला नाही, युद्ध १४७९ पर्यंत चाललं. पण व्हेनिससारख्या धूर्त व्यापारी राज्याला सुलतानाच्या दारात जाण्यासाठी या दोघींचं दार आधी ठोठवावं लागलं, ही गोष्ट लहान नाही. मारा १४८७ मध्ये वारली. तोपर्यंत तिच्या वडिलांचं राज्य जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती.

आणि आंधळा स्तेफान? तो अल्बानियात गेला आणि त्याने अँजेलिनाशी लग्न केलं. ती अल्बानियाचा वीर स्कँडरबेग याची मेहुणी. पुढे इटलीत परागंदा अवस्थेत १४७६ मध्ये तो वारला. अँजेलिना मुलांना घेऊन हंगेरीच्या राज्यात गेली. थोरला मुलगा भिक्षू झाला आणि त्याने क्रुशेडोलचा मठ उभारला. सर्बियन चर्च या आईवडिलांना आणि त्यांच्या मुलांना संत मानतं. त्यांची मुलगी मारिया इटलीतल्या मोंफेराटच्या राजाला दिली होती. तिची नात मार्गारिटा मांतुआच्या गोंझागा घराण्यात पडली. सर्बियात पुरुषांकडची रेषा आटली, तेव्हा इटलीतल्या राजवाड्यांत मुलीकडची रेषा वाढत होती.

मुलगी देणं याला त्या काळचे राजे तहनाम्यावरची मोहोर समजत होते. मोहोर एकदा उमटली की काम संपलं. ज्युराजची चूक झाली असेल तर ती इथे. त्याने मुली दिल्या, पण त्याला खरा आधार मिळाला तो त्या मुलींनी सासरी कमावलेल्या वजनाचा. ते वजन आंदणात देता येत नाही, करारात लिहिता येत नाही. म्हणून यापुढे एखाद्या वंशावळीत कडेला ‘अमुक घराण्यात दिली’ असं वाचलंत, तर एवढंच करा. पान उलटण्याआधी तिथे थांबा आणि विचारा, पुढे तिने काय केलं?