पाचगणीचा पियानोवाला आणि तीन गळ्यांचा कोरस



परदेशात राहिलं की आपल्या लोकांना एक खोड लागते. कुणी जगप्रसिद्ध माणूस आपल्याकडच्या मातीशी जरासा जोडलेला निघाला, की लगेच "अहो, तो आपलाच!" फ्रेडी मर्क्युरीच्या बाबतीत तर हे हमखास होतं. 'क्वीन' बॅन्डचा विषय निघाला की पाचव्या मिनिटाला कुणीतरी पाचगणी काढतंच. दावा खोटा नाही. पण पाचगणीने त्याला नेमकं काय दिलं, हे फारसं कुणी सांगत नाही. माझ्या मते त्याचं उत्तर एका शब्दात आहे: हार्मनी.

आधी थोडा इतिहास. फारुख बलसारा याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ चा, झांझिबारचा. घराणं पारशी, मूळचं गुजरातेतल्या बलसाडचं (आताचं वलसाड), म्हणून आडनाव बलसारा. वडील ब्रिटिश सरकारच्या नोकरीत कॅशियर. पोरगा आठ वर्षांचा झाल्यावर त्याला समुद्रापलीकडे धाडलं, आपल्या सातारा जिल्ह्यात, पाचगणीच्या सेंट पीटर्स बोर्डिंग शाळेत. तिथेच फारुखचा फ्रेडी झाला, पियानो शिकला आणि शाळेच्या कॉयरमध्ये उभा राहिला.

बाराव्या वर्षाच्या सुमारास पाच मित्रांनी मिळून 'द हेक्टिक्स' नावाचा बॅन्ड काढला. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो यांची गाणी शाळेच्या कार्यक्रमात वाजवायची. आता गंमत बघा. या बॅन्डचा मुख्य गायक फ्रेडी नव्हता! पुढे माइकवर ब्रूस मरे, आणि आपला फ्रेडी पियानोवर.

हे का महत्त्वाचं? आपलं गाणं सुरांच्या एका धाग्यावर चालतं. मागे तंबोरा, पुढे गायक, आणि मागे बसलेला शिष्य गुरूचीच जागा उचलतो. गणपतीच्या आरतीला पन्नास माणसं असली तरी चाल सगळ्यांची एकच. हार्मनीचा हिशेब वेगळा. एकाच क्षणी एक जण सा वर, दुसरा ग वर, तिसरा प वर. आणि ऐकणाऱ्याला तिघांपेक्षा निराळंच काहीतरी ऐकू येतं. त्यासाठी गळा लागतोच, पण त्याहून जास्त कान लागतो. शेजारच्याचा सूर कानात शिरत असताना त्याच्यामागे वाहवत जायचं नाही, आणि त्याचं ऐकणंही सोडायचं नाही. कॉयरमध्ये हेच तर घोटून घेतात.

१९६३ साली फ्रेडी झांझिबारला परतला. जानेवारी १९६४ मध्ये तिथे क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब जीव वाचवून इंग्लंडला आलं, लंडनजवळच्या फेल्टममध्ये. ईलिंगच्या आर्ट कॉलेजात ग्राफिक डिझाइन, मग 'आयबेक्स', 'रेकेज', 'सावर मिल्क सी' असे एकामागून एक बॅन्ड. एकही टिकला नाही. अखेर १९७० मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्याबरोबर 'क्वीन' जमला. १९७१ मध्ये बेस गिटारवाला जॉन डीकन आला. डीकन रेकॉर्डिंगमध्ये सहसा गायचा नाही. म्हणजे गळे तीनच: रॉजर वरच्या पट्टीत, फ्रेडी मधल्या, ब्रायन खालच्या.

या तीन गळ्यांतून १९७५ चं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' उभं राहिलं. मधल्या ऑपेरासारख्या भागात अख्खा जमाव गातोय असं वाटतं ना? तो जमाव म्हणजे हे तिघेच. तेव्हा चोवीस ट्रॅकची टेप असायची. तिघे एक ओळ गात, मग तीच पुन्हा, मग दुसऱ्या सुरांत. ट्रॅक भरले की ते एकात मिसळायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेवर पुन्हा गायचं. दिवसाला दहा-बारा तास, जवळजवळ तीन आठवडे. टेप हेडवरून इतक्यांदा फिरली की तिच्यावरचा लेप झिजून आरपार उजेड दिसायला लागला म्हणे! १९७६ चं 'समबडी टू लव्ह' तसंच. त्यातला गॉस्पेल कॉयरही या तिघांचाच.

दुसऱ्यांबरोबरचं कामही याच कानाचं. १९८१ मध्ये स्वित्झर्लंडच्या मॉन्त्रोमध्ये डेव्हिड बोवीबरोबर 'अंडर प्रेशर' झालं, तेव्हा प्रत्येकाने एकेकट्याने सुचेल ते गाऊन घेतलं आणि मग तुकडे जोडले. १९८८ च्या 'बार्सेलोना' अल्बममध्ये समोर ऑपेराची सम्राज्ञी मोन्सेरात काबाये. बाईंना मैफिलींतून सवड कमी, म्हणून त्यांच्या जागा फ्रेडी आधी स्वतः खोट्या आवाजात गाऊन टेपवर काढून पाठवायचा. दुसऱ्याचा सूर आधी आपल्या गळ्यातून काढून बघायचा, तेव्हा कुठे आपला सूर ठरायचा.

मे १९९१ मध्ये मॉन्त्रोलाच 'मदर लव्ह'चं रेकॉर्डिंग चालू होतं. एड्सने शरीर पोखरलं होतं. शेवटचं कडवं राहिलं. जरा विश्रांती घेऊन येतो म्हणाला, तो परत आलाच नाही. २४ नोव्हेंबर १९९१ ला गेला. अंत्यविधी पारशी पद्धतीने झाले. गाणं १९९५ मध्ये बाहेर आलं. त्यातलं शेवटचं कडवं ब्रायन मे गायलाय. वीस वर्षं शेजारी गाणाऱ्याने मित्राची रिकामी जागा भरली.

आता तो "आपला" का? जाहीरपणे तो पाचगणीबद्दल क्वचितच बोलला. नावही बदललं. ज्या इंग्लंडात १९६८ साली इनॉक पॉवेलचं परक्यांविरुद्धचं भाषण गाजलं, त्याच इंग्लंडात तो तेव्हा तरुण होता. व्हिसा नि पासपोर्टांच्या रांगा पाहिलेल्या आपण मंडळींनी त्याच्या गप्प राहण्याला नावं ठेवू नयेत. मला वाटतं, आपला हक्क त्याच्या रक्तावर किंवा नावावर नाही. तो आहे पाचगणीच्या कॉयरमधल्या त्या रांगेपुरता. आणि तेवढा पुष्कळ झाला.

तेव्हा इथल्या शाळेच्या कॉयरमध्ये आपलं पोर तिसऱ्या रांगेत दिसलं, तर घरी येताना गाडीत "तुला सोलो का नाही दिला?" असं विचारू नका. शेजारचा काय गात होता, ते विचारा. ते सांगता आलं, तर पोर गाणं शिकतंय.

इति लेखनसीमा.