अर्धशिशी आणि मेणाचं डोकं

गेल्या महिन्यात पुण्याहून नातीचा फोन आला. तिला म्हणे मायग्रेन निघालं. डॉक्टरांनी दहा मिनिटांत निदान केलं, गोळी लिहून दिली, उजेड आणि जागरण टाळायला सांगितलं. सौ.ने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "ऑफिसात सांगितलंस का? काय म्हणाले?" ऑफिसने चार दिवस घरून काम करायला परवानगी दिली होती. फोन ठेवल्यावर ही बराच वेळ गप्प होती. मीही गप्प होतो. तिच्या मनात काय चाललं असेल ते मला साधारण ठाऊक होतं, आणि त्यात माझा भाग फारसा भूषणावह नव्हता.

आमचं लग्न १९७७ सालचं. नोकरी वसई तालुक्यातल्या एका शाळेत, बिऱ्हाड तिथेच. लग्नानंतर दोन-तीन महिन्यांतच हिचं डोकं दुखू लागलं. म्हणजे आधीपासून दुखत होतं, मला तेव्हा कळलं. एकच बाजू. दार-खिडक्या लावून पडायचं, वास सहन व्हायचा नाही, फोडणीचा तर नाहीच, शेवटी उलटी झाली की संध्याकाळपर्यंत उतरायचं. माझ्या आईने सुंठ उगाळून लावली, दृष्ट काढली, सूर्योदयाआधी जिलबी खाऊ घातली. गावातल्या डॉक्टरांनी पित्त म्हणून सांगितलं. आणि मी? मी इतिहास शिकवणारा माणूस, पुराव्याशिवाय बोलायचं नाही असं मुलांना सांगणारा. ताप नाही, सूज नाही, जखम नाही. मला पुरावा दिसेना. माझ्या धाकट्या बहिणीच्या साखरपुड्याला ही आतल्या खोलीत पडून राहिली, तेव्हा पाहुण्यांसमोर मी हसत म्हणालो, "हिचं नेहमीचंच आहे." खोलीचं दार लाकडी होतं, भिंत पातळ होती.

शेजारी एक ख्रिस्ती मावशी राहायच्या. हिचं डोकं दुखायला लागलं की त्या यायच्या, काळोखात हिच्या उशाशी बसायच्या, कपाळावर हात ठेवून हलक्या आवाजात जपमाळ म्हणायच्या. मराठीतच. वसईच्या चर्चमध्ये प्रार्थना मराठीतच चालते. मला ते आवडायचं नाही. धर्म वगैरे कारण नव्हतं, आमच्या घरी तेवढी कडक मंडळी नव्हतीच. मला वाटायचं की मावशी येऊन बसतात म्हणून हिचं दुखणं लांबतं. असो.

निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला आणि या प्रार्थनांचा इतिहास हाताशी आला, तो मुळात एका शब्दामुळे. आपली अर्धशिशी म्हणजे अर्धं शीर्ष. सुश्रुत आणि चरक तिला अर्धावभेदक म्हणतात. ग्रीक लोक हेमिक्रानिया म्हणत, म्हणजे पुन्हा अर्धी कवटीच. तिचं लॅटिनमधून घासत घासत फ्रेंचांनी मायग्रेन केलं. नातीला निघालेलं मायग्रेन आणि तिच्या आजीची अर्धशिशी हा अर्थाने एकच शब्द.

ऑस्ट्रियात व्हिएन्नाच्या पूर्वेला डॅन्यूब नदीकाठी कार्नुंटम नावाची रोमन लष्करी छावणी होती. तिथे चांदीचा एक छोटा पत्रा सापडला, ताईत म्हणून वापरलेला, सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा. त्यावर ग्रीकमध्ये अर्धशिशीचा मंत्र आहे. तोवर तिथे ख्रिस्ती धर्माचा संबंध नाही. मंत्रात एक गोष्ट सांगितली आहे. अंतौरा नावाची एक बाई समुद्रातून बाहेर येते, जनावरासारखी ओरडत, गाईसारखी हंबरत. वाटेत तिला एफेससची देवी आर्टेमिस भेटते आणि विचारते, ही अर्धी डोकेदुखी घेऊन कुठे निघालीस? पुढचा मजकूर तुटतो. बार्ब नावाच्या विद्वानाने १९६६ साली या अंतौरेवर मोठा लेख लिहिला आणि तिचं पुढचं भविष्यही दाखवलं. कित्येक शतकांनंतरच्या ग्रीक हस्तलिखितांत हीच गोष्ट ख्रिस्ती प्रार्थना होऊन येते. समुद्र तोच, आरडाओरडा तोच, वाटेत भेटणारी देवी मात्र गेली. तिथे येशू ख्रिस्त उभा आहे. तो विचारतो, कुठे निघालीस? दुखणं सांगतं, अमुक नावाच्या देवाच्या दासाच्या डोक्यात बसायला निघालेय. मग ख्रिस्त त्याला रानातल्या डोंगराकडे हाकलतो आणि तिथल्या बैलाच्या डोक्यात शिरायला सांगतो. ऐकलं नाहीस तर जिथे कुत्रा भुंकत नाही नि कोंबडा आरवत नाही अशा जागी तुझा नाश करीन, अशी धमकीही आहे. (बैलाने काय घोडं मारलं होतं कोण जाणे.)

मी त्या 'अमुक'पाशी अडकलो. सत्यनारायणाच्या संकल्पात गुरुजी जसे आपलं नाव-गोत्र विचारून घेतात, तसंच ते. ही प्रार्थना म्हणणाऱ्याला आधी विचारावं लागायचं, नाव काय तुझं? आणि मग सगळ्यांदेखत म्हणावं लागायचं की या माणसाच्या डोक्यात बाहेरून कुणीतरी येऊन बसलंय. ती बाई समुद्रातून आली हे खोटं असेल. पण तिला येताना पाहिलं असं म्हणणारा एक तरी माणूस दुखणाऱ्याच्या बाजूने उभा असायचा. आमच्या घरी 'हिचं नेहमीचंच' म्हणणारा उभा होता.

पश्चिम युरोपात या कामाला संत लागले. चौदाव्या शतकात प्लेगच्या काळात जर्मनीच्या ऱ्हाइन भागात चौदा सहायक संतांची भक्ती वाढली आणि प्रत्येकाकडे एकेक दुखणं आलं, सरकारी खातेवाटपासारखं. डोकेदुखी संत अकेशियसकडे, आणि पॅरिसच्या संत डेनिसकडेही. डेनिसचं तर डोकंच उडवलं होतं, आणि ते हातात घेऊन तो चालत गेला अशी कथा आहे. पुढे स्पेनच्या आविला गावची संत तेरेसा हीही डोकेदुखीवाल्यांची झाली, आणि तिचा अधिकार जास्त खरा वाटतो. १५७७ साली आपला मुख्य ग्रंथ लिहायला घेताना तिने आधीच सांगून टाकलं की तीन महिने डोक्यात आवाज आणि अशक्तपणा आहे, साधी कामाची पत्रं लिहिणंही जड जातं. पुढे मध्येच ती या आवाजाचं वर्णन करते, नद्यांचा लोंढा आणि पाखरांची किलबिल एकदम, तीही डोक्याच्या वरच्या भागात. मग म्हणते, याने प्रार्थना अडत नाही. आणि लिहीत राहते.

पण मला सगळ्यांत जवळची वाटली ती संतबिंत नसलेली एक इंग्रज बाई, अ‍ॅन कॉन्वे. जन्म १६३१. बाराव्या वर्षी ताप आला आणि नंतर डोकं दुखू लागलं ते जन्मभर. घरचं मोठं, नवरा उमराव. औषधाला तोटा नव्हता. रक्ताभिसरण शोधणारा विल्यम हार्वे तिचा डॉक्टर, रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइलचीही औषधं झाली, पारा झाला. कवटीला भोक पाडून घ्यायला ती १६५६मध्ये फ्रान्सला गेली. तिथले शल्यवैद्य कवटीला हात लावेनात, त्यांनी मानेची रक्तवाहिनी उघडून रक्त काढलं. काही उपयोग झाला नाही. दोन वर्षांचा एकुलता मुलगा १६६०मध्ये देवीने गेला.

त्या सुमारास आयर्लंडमध्ये व्हॅलेंटाइन ग्रेटरेक्स नावाच्या माणसाचा बोलबाला होता. क्रॉमवेलच्या सैन्यातला जुना शिपाईगडी. देवाने आपल्या हातात गुण दिला आहे असं त्याला वाटू लागलं होतं; तो देवाचं नाव घेऊन दुखऱ्या जागेवरून हात फिरवायचा आणि दुखणं बोटांच्या टोकांकडे 'हाकलत' न्यायचा. (अंतौरेला हाकलण्याचीच ही दुसरी तऱ्हा.) १६६६च्या जानेवारीत कॉन्वेच्या नवऱ्याने त्याला वॉरिकशरमधल्या आपल्या रॅग्ली हॉल या वाड्यावर आणलं. काही आठवडे तो तिथे राहिला. आसपासच्या गावांतून माणसांची रीघ लागली, पुष्कळांना बरं वाटलं, तिचा विद्वान मित्र हेन्री मोर हे सारं पाहून थक्क झाला. ज्या बाईसाठी त्याला समुद्रापलीकडून आणलं, तिचं डोकं तेवढं उतरलं नाही.

शाळेत शिकवताना मी ही गोष्ट इथे थांबवली असती आणि अंधश्रद्धेवर दोन वाक्यं सांगून तास संपवला असता. पण कॉन्वे पुढे तेरा वर्षं जगली. शेवटच्या वर्षांत तिच्याकडे क्वेकर पंथाची माणसं येऊ लागली. ही माणसं सभेत गप्प बसून प्रार्थना करतात. त्या काळी त्यांना इंग्लंडमध्ये तुरुंगात टाकत, त्यांचं सामान जप्त करत. उमरावाच्या वाड्यात त्यांना थारा देणं लाजिरवाणं होतं. नवरा आणि मोर दोघेही नाराज. तिने मोरला पत्रातून कारण सांगितलं: ही सोसलेली माणसं आहेत, आणि स्वतः सोसताना जो आधार त्यांना मिळाला तोच दुसऱ्याला कसा द्यायचा हे त्यांना कळतं. तिने आपल्या दासीही क्वेकर ठेवल्या, शेवटी स्वतः क्वेकर झाली. डोकं दुखायचं थांबलं नाहीच. त्याच खोलीत पडल्या पडल्या तिने तत्त्वज्ञानाची टिपणं केली, ती मरणानंतर १६९० साली लॅटिनमध्ये छापली, तीही लेखिकेचं नाव न घालता. लायब्निट्झसारख्याने त्यांची वाखाणणी केली. १६७९च्या फेब्रुवारीत ती गेली, तेव्हा नवरा आयर्लंडमध्ये होता.

हे वाचलं त्या रात्री मी हिला चाळीस वर्षांत न विचारलेला प्रश्न विचारला. मावशी बसायच्या, तेव्हा डोकं थांबायचं का? ही म्हणाली, "छे. उलटी झाल्याशिवाय कुठलं थांबायला?" मग मी म्हटलं, तरी तू त्यांची वाट बघायचीस. तेव्हा ती म्हणाली, "त्या एकट्याच होत्या, ज्यांनी मला खरंच दुखतंय का असं विचारलं नाही."

मी सॉरी म्हटलं. शिक्षकांच्या तोंडी हा शब्द सहजी येत नाही. साखरपुड्याचंही बोललो. तिला तो दिवस तारखेसकट आठवत होता.

वांद्र्याच्या माउंट मेरीची जत्रा सप्टेंबरात भरते. आठ तारखेला मारियेचा जन्मदिवस, त्याला लागून आठवडाभर. चर्चबाहेरच्या स्टॉलवर मेणाचे हात, पाय, बाळं, घरं आणि डोकी मिळतात. ज्याचं जे दुखतं किंवा ज्याला जे हवं, ते वाहायचं. सगळ्या धर्मांचे लोक वाहतात. १९८४ साली मावशी हिला वसईहून लोकलने तिथे घेऊन गेल्या होत्या. मीही गेलो होतो, पण पायऱ्यांपाशीच थांबलो, वर्तमानपत्र वाचत. गर्दीत घामाघूम होऊन दोघी परत आल्या, तेव्हा हिच्या हातांना मेणाचा वास येत होता. पन्नाशीनंतर हिचं दुखणं आपोआप कमी झालं. पुष्कळ बायकांचं होतं म्हणतात. मावशी तोवर वारल्या होत्या.

हा मजकूर टाइप करून हिला वाचायला दिला. तिने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि एकच दुरुस्ती सांगितली. मेणाचं डोकं मावशींनी घेतलं असं मी लिहिणार होतो. ते तिने स्वतः निवडलं होतं. बाईचं डोकं त्या स्टॉलवर संपलं होतं, म्हणून पुरुषाचं घेतलं, मिशीवालं.