हडपसरच्या माळावरील मैफल

“बँड ऐकायला चाललास? आणि तोही तिकीट काढून?” आत्याबाईंनी विचारले होते. “लग्न तरी कुणाचे आहे?”

त्यांचे काही चुकले नव्हते. बँड म्हटला की आपल्यापुढे वरात उभी राहते, नाही तर गणपतीच्या मिरवणुकीतला प्रभात ब्रास बँड. नोव्हेंबर २०१२ मध्ये माझा एक माजी विद्यार्थी मला हडपसरला घेऊन गेला, तो बँड निराळा. चार तरुण, दोन-तीन गिटारी, ड्रम आणि गाणी स्वतःची. अशा बँडला ‘इंडी’ म्हणतात. इंग्रजीतल्या ‘स्वतंत्र’ या अर्थाच्या शब्दाचे हे लघुरूप. मूळ अर्थ, ध्वनिमुद्रिकांच्या बड्या कंपन्यांच्या दावणीला न बांधलेला. आपल्याकडे त्यात आणखी एक अर्थ मिसळला: सिनेमाच्याही दावणीला न बांधलेला.

हडपसरला मोठ्या आवाजाचे नवल नाही. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, याच परिसरात यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. पुणेकरांनी त्या दिवाळीत तोफा ऐकल्या. दुसरा बाजीराव पळाला, वसईला इंग्रजांच्या आश्रयास गेला आणि ३१ डिसेंबरला त्यांच्याशी तह करून बसला. पुढचे सर्वांस ठाऊक आहे. हडपसरचा दुसरा आवाज टाळ-मृदंगाचा. आषाढीच्या वारीत ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्याहून निघून इथपर्यंत येतात आणि इथे त्यांच्या वाटा फुटतात. एक दिवे घाट चढते, दुसरी लोणी काळभोरला जाते. त्या मैफलीला तिकीट नसते.

खडकवासल्याच्या कालव्यावर इथे मळे फुलले. पुढे शंभरावर शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र करून मगरपट्टा नगर वसवले; शेजारी अमानोरा उभे राहिले. आणि या नव्या वसाहतींत संगीताचा मेळा आला. पहिल्या वर्षी, २०१० साली, तो कोरेगाव पार्कात भरला होता. २०११ मध्ये मगरपट्ट्यात, नंतर अमानोरात. त्याचे नाव ‘एनएच सेव्हन वीकेंडर’. वाराणसीहून कन्याकुमारीस जाणाऱ्या महामार्गाचा हा जुना क्रमांक. तो महामार्ग पुण्याच्या आसपासही फिरकत नसे; हडपसरवरून जातो त्या सोलापूर रस्त्याचा जुना क्रमांक नऊ! पण नावात एवढे चिकित्सक होण्याचे कारण नाही. मास्तरकीची ही खोड.

स्वतःचे गाणे घेऊन उभे राहणे या मंडळींना सहज साधलेले नाही. मुंबईत १९८६ साली ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा जलसा सुरू झाला. धोबीतलावचे रंगभवन तेव्हा अशा जलशांचे माहेरघर. पण त्या काळी श्रोत्यांना हवी असत ती विलायती गाणी, आणि तीही तबकडीवर असतील तशीच. १९८४ साली मुंबईत निघालेल्या ‘रॉक मशीन’ने १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका काढली आणि १९९३ मध्ये ‘इंडस क्रीड’ असे देशी नाव धारण केले. अनोळखी गाणे ऐकवायचे म्हणजे श्रोता उठून जाईल ही धास्ती; ती ज्यांनी सोसली त्यांचे ऋण या मेळ्यावर आहे.

अमानोरात एकाच वेळी अनेक रंगमंचांवर गाणी चालली होती. आम्ही लहान मंचापाशी उभे राहिलो. पहिल्या गाण्याने माझे कान बधिर झाले, हे लपवत नाही. दुसऱ्याला ताल सापडला. सात मात्रांचा होता, बोटे आपोआप मोजू लागली. मग शेजारी पाहिले. माझा विद्यार्थी डोळे मिटून शब्दन् शब्द म्हणत होता, आणि डाव्या हाताची बोटे नसलेल्या गिटारीच्या तारा दाबीत होती.

दहावीत असताना त्याची गिटार मीच सोडवली होती. “परीक्षेनंतर वाजव,” म्हणालो होतो. परीक्षेनंतर त्याने ती विकली. आता तो हडपसरातच एका कचेरीत नोकरीला होता. मी काही बोललो नाही. त्या गदारोळात बोललेले ऐकूही गेले नसते.

दहाच्या ठोक्याला सारे थांबले. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, तेव्हापासून उघड्यावरच्या संगीताचे घड्याळ दहाचे. १९५३ साली भीमसेन जोशींनी गुरूच्या स्मरणार्थ सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सवही एके काळी पहाटेपर्यंत चाले. त्यालाही वेळेपुढे मान तुकवावी लागली.

बसस्टॉपवर तो म्हणाला, “सर, पुढच्या वर्षी येणार?”

“येईन. तू वाजवणार असशील तर.”

तो हसला, आणि बस आली.

घरी आत्याबाई जाग्याच होत्या. “कुणाची गाणी म्हटली रे?”

“त्यांचीच.”

“ते कळले. पण कुठल्या सिनेमातली?”